शाळेत नर्स नाही, मग आजारी मूल कुणाच्या भरवशावर?

सातवीच्या वर्गावर गणिताचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने करंगळी दाखवली, मी जाऊ दिलं. वीस मिनिटांनी तिने पुन्हा करंगळी दाखवली. मी म्हणालो, "आत्ताच जाऊन आलीस ना? बस खाली." वर्ग हसला आणि ती खाली बसली. त्या आठवड्यात हे तीनदा घडलं. तिची पाण्याची बाटली दुसऱ्या तासालाच रिकामी व्हायची, मग ती शेजारणीची मागून प्यायची. जूनमध्ये नीट बसणारा ड्रेस ऑगस्टमध्ये अंगावर लोंबायला लागला होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण जुळवता आलं ते नंतर. तेव्हा मला दिसत होती फक्त तासाला लक्ष न देणारी एक मुलगी.

पुढे ती शाळेत यायचीच बंद झाली. आधी उलट्या आणि पोटदुखी. जवळच्या दवाखान्यात पोटात इन्फेक्शन आहे असं समजून सलाईन लावलं. श्वास जोरजोरात चालायला लागला तेव्हा घरच्यांनी नगरला नेलं. तिथे रक्तातली साखर तपासली आणि कळलं, मुलीला टाइप १ मधुमेह आहे. शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलं होतं. काही दिवस आयसीयूत काढून ती वाचली, अल्हम्दुलिल्लाह.

सतत तहान, सारखी लघवी आणि झपाट्याने उतरणारं वजन ही या आजाराची पहिली तीन लक्षणं. ती तिन्ही माझ्या वर्गात, माझ्यासमोर होती. मी डॉक्टर नाही, हे खरं आहे. पण दिवसाचे पाच-सहा तास ती ज्या इमारतीत असायची, तिथे हे ओळखणारं एकही माणूस नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. हा लेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

ती परत शाळेत आली तेव्हा सोबत तिची अम्मी होती. स्टाफरूमच्या बाहेर मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, किसी को बोलना मत. लडकी की जात है." मी मान हलवली. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती बाई शिलाई मशीनवरचं काम टाकून गेटवर यायची. मुलीला पाण्याच्या टाकीमागे न्यायची आणि कुणी पाहत नाही ना, हे बघून इंजेक्शन द्यायची. मग डबा खाऊ घालून परत जायची. शाळेत नर्स नव्हती असं तरी कसं म्हणू? होती. ती बुरख्यात होती, बिनपगारी होती आणि टाकीमागे लपून काम करत होती.

एक दिवस अम्मीलाच ताप आला. मुलीने स्वतःच इंजेक्शन घेतलं. त्या दिवशी कार्यक्रमाच्या तालमीमुळे मधली सुट्टी लांबली आणि जेवणाला उशीर झाला. इन्सुलिन शरीरात गेलं होतं, पण पोटात अन्न नव्हतं. मैदानात तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, ती काहीतरी असंबद्ध बोलू लागली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. सावलीत बसवून पंख्याने वारा घातला. खरं तर तिला त्या क्षणी हवी होती तीन चमचे साखर. ती कुणी दिली नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. योगायोगाने एका शिक्षिकेने तिला सरबत पाजलं, म्हणून निभावलं.

संध्याकाळी तिची मैत्रीण रडत माझ्याकडे आली. "सर, मला माहीत होतं. पण तिच्या अम्मीने शपथ घातली होती." माहीत मलाही होतं. शपथ मीही पाळली होती. पण मला फक्त आजाराचं नाव माहीत होतं, त्यात कोणत्या वेळी काय करायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

जगात शाळेतली नर्स आली ती अशाच एका अडचणीतून. १९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये डॉक्टर मुलं तपासायचे. डोळे आलेली, खरूज झालेली, डोक्यात उवा असलेली मुलं निवडून घरी पाठवायचे. घरी काय करायचं हे आईला कुणी सांगायचं नाही. मूल गल्लीत खेळत राहायचं, आजार तसाच राहायचा, शाळा मात्र बुडायची. तेव्हा लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला काही शाळांमध्ये नेमलं गेलं. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आयांना शिकवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या सप्टेंबरमध्ये ती १,१०१ वर आली. डॉक्टर तेच होते आणि आजारही तेच. फरक एवढाच पडला की मधलं काम करणारं एक माणूस आलं.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. भारतात शाळेतल्या मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. १९४६ च्या भोर समितीने लिहून ठेवलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीच. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि तिने अहवालही दिला. समित्या झाल्या, अहवाल आले, पण आपल्या गावातल्या साध्या शाळेत नर्सचं पद काही आलं नाही.

आज आपल्याकडे काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची गाडी तुम्ही शाळेच्या आवारात पाहिली असेल. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत एकदा हे पथक येतं. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत मिळून ३० आजार तपासण्याची मूळ यादी आहे. हृदयाला छिद्र असलेली, टाळू फाटलेली कितीतरी मुलं या पथकांमुळे ऑपरेशनपर्यंत पोहोचली. म्हणून या कार्यक्रमाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण दोन गोष्टी बघा. त्या ३० आजारांच्या मूळ यादीत दमा आहे, फिट येणं आहे, संधिवाताच्या तापामुळे होणारा हृदयविकार आहे, टाइप १ मधुमेह मात्र नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पथक येतं एक दिवस. आजार शोधायला एक दिवस पुरेल, पण आजार सांभाळायला उरलेले २१९ दिवस लागतात.

दीर्घ आजाराचं हेच वेगळेपण आहे. ताप आला तर मूल घरी राहतं आणि बरं होऊन परत येतं. मधुमेह, दमा, फिट, थॅलसेमिया हे आजार मुलासोबत दप्तरातून शाळेत येतात. मधल्या सुट्टीत, खेळाच्या तासाला, सहलीला, परीक्षेला ते हजर असतात. त्यांना गाठायला तालुक्याचं रुग्णालय उपयोगी पडत नाही, कारण ते काही किलोमीटर दूर असतं. त्यांना लागतो शाळेतला माणूस.

२०२० साली आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका. कल्पना चांगली आहे. पण त्यांचं मुख्य काम ११ विषयांवर तासिका घेण्याचं आहे. वर्गात आधीच आजारी असलेल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न तिथेही बाजूला राहतो.

इथे कुणी म्हणेल, नर्सशिवाय हे होणारच नाही, आणि नर्स काही सरकार देत नाही, मग विषय संपला. मला हे पटत नाही, कारण मी नगर जिल्ह्यातला आहे. आता कागदावर अहिल्यानगर म्हणतात. याच जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं. दुष्काळी भाग, डॉक्टर कुठेच नाहीत, नर्स खेड्यात राहायला तयार नाहीत. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या बऱ्याचजणी दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला शिकायला यायच्या, शिकलेलं गावात जाऊन करायच्या, अडलेलं विचारायला परत यायच्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षयरोग हे सगळं त्यांनी हाताळलं. गावातले बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर जी 'आशा' आली, तिच्या मागे जामखेडच्या या बायकांचाही अनुभव आहे.

शाळेत कधी न गेलेली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे ज्या जिल्ह्याने जगाला दाखवलं, त्याच जिल्ह्यात बी.एड. झालेले आम्ही शिक्षक तीन चमचे साखर देऊ शकत नाही? माझा मुद्दा एवढाच आहे. नर्सचं पद मागायचंच, पण ते येईपर्यंत प्रत्येक शाळेत एक तरी माहीतगार माणूस हवा. तो शिक्षक असेल, शिपाईमामा असेल, पोषण आहाराची खिचडी शिजवणारी ताई असेल. शिकवलं तर कुणालाही हे जमतं.

शिकायचं किती, तेही सांगतो. मधुमेही मुलाला घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं झालं तर आधी साखर द्यायची, तीन चमचे, पाण्यात किंवा तशीच. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची आणि मग काहीतरी खायला घालायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. मूल त्या अवस्थेत असताना त्याला एकट्याला कुठेही पाठवायचं नाही, शौचालयातसुद्धा.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. दातांमध्ये चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवणं हा इलाज नाही, तो मुलाचा अपमान आहे. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर दवाखाना गाठायचा.

दम्याच्या मुलाचा पंप कपाटात कुलूपबंद ठेवायचा नाही, तो मुलाच्या हाताशी हवा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. एवढं सगळं शिकायला एक दुपार पुरते.

आता आपल्या घरातलं बोलू या, कारण हे मासिक आपण आपसात बोलण्यासाठीच वाचतो. ती अम्मी टाकीमागे का लपत होती? तिला आजाराची लाज नव्हती, तिला भीती होती मुलीच्या लग्नाची. हे फक्त मुसलमानांत होतं असं नाही. पण मोहल्ला छोटा असतो, नातेसंबंध गुंतलेले असतात, आणि एका घरातली बातमी जुम्म्याच्या नमाजपर्यंत सगळीकडे पोहोचते. मुलाला मधुमेह झाला तर आपण दवाखाना शोधतो, मुलीला झाला की आधी पडदा शोधतो. त्या पडद्याची किंमत मैदानात घाम फुटलेल्या मुलीने मोजली. जो आजार सांभाळला तर ती शिकू शकते, नोकरी करू शकते, संसार करू शकते, तोच आजार लपवला तर एका दुपारीत जीव घेऊ शकतो. अब्बूंना आणि अम्मींना हे सांगायचं काम आता आपल्या पिढीचं आहे.

दुसरी गोष्ट तावीजची. फिट येणाऱ्या मुलाला 'बाहेरचं' झालं म्हणून वर्षभर इकडून तिकडे फिरवलेली घरं मी पाहिली आहेत. दर्ग्यावर जाऊन दुआ मागायला कुणाची हरकत असणार? पण दुआ आणि दवा यांचं भांडण आपणच लावलं आहे. आपल्या इतिहासात तर मदिनेच्या मशिदीजवळ रुफैदा अल-अस्लमिया यांचा तंबू होता. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्यांच्याकडेच शुश्रूषेसाठी ठेवलं होतं. रुग्णसेवा करणारी बाई मशिदीच्या शेजारी आणि सगळ्यांच्या नजरेसमोर होती. आपली अम्मी मात्र टाकीमागे.

तिसरी गोष्ट रमजानची. सातवी-आठवीतली मुलं एकमेकांशी पैजा लावून रोजे धरतात. "तेरा आज रोजा नहीं?" हा प्रश्न मधुमेही मुलाला इंजेक्शनच्या सुईपेक्षा जास्त टोचतो. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणातच दिलेली आहे. ती कुणी दया म्हणून दिलेली नाही, तो दीनचाच भाग आहे. शाबानमध्येच मशिदीत मौलानांनी हे एकदा स्पष्ट सांगितलं, तर कितीतरी मुलं चोरून इन्सुलिन बंद करणार नाहीत. आणि इन्सुलिन हराम तर नाही ना, ही कुजबुजही संपवू या. पूर्वी ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढायचे, हे खरं आहे. पण १९८२ पासून जीवाणूंच्या मदतीने बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे आणि आज मुलांना बहुतेक करून अशाच प्रकारचं दिलं जातं. शंका असेल तर डॉक्टरांना नाव विचारा, पण डोस चुकवू नका. इन्सुलिनचा पहिला उपचार झाला तो जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोतल्या १४ वर्षांच्या मुलावर. त्याआधी या आजाराच्या मुलांचे आईबाप फक्त दिवस मोजत असत.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण मी त्यांच्यातलाच आहे. जनगणना, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, सगळं आमच्याच डोक्यावर आहे. आता हेही? आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची? ही भीती खोटी नाही. म्हणूनच हे काम शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नये, लेखी असावं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी मुलांसाठी व्यवस्था करणं शाळांवर बंधनकारक केलं. तिथे अशा मुलासाठी शाळा, पालक आणि आरोग्य कर्मचारी मिळून लेखी योजना बनवतात. आपल्याकडे सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी नेण्याची परवानगी दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना शाळेतल्या मधुमेही मुलांबद्दल लिहिलं आणि उत्तर प्रदेशने त्यावर शाळांना आदेश काढला. मुलाला वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मध्येच खाऊ द्या, असं त्यात आहे. असा स्पष्ट कागद हातात असला की शिक्षकाची निम्मी भीती जाते. आणि शिक्षकाने इंजेक्शन द्यावं असं कुणी म्हणतच नाही. सातवीतलं मूल ते शिकून स्वतः घेतं. त्याला हवी असते स्वच्छ जागा, वेळ आणि शेजारी एक मोठं माणूस.

सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला याच नगरला, मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. तेवढी कुर्बानी कुणाकडून मागायची नाही. पण आजारी मूल हा शिक्षकाचा विषय नाही, असं निदान नगरच्या शिक्षकाने म्हणू नये.

मग करायचं काय? तुमच्यापैकी बरेचजण विशीत आहेत, कुणी कॉलेजात, कुणी नोकरीत. घरात शाळेत जाणारा भाऊ, बहीण, भाची आहे. तिच्या शाळेत जा आणि तीन गोष्टी मागा.

पहिली, एक पान. आजारी मुलाच्या नावाने एक कागद. आजार कोणता, रोजचं औषध काय, धोक्याची खूण काय, तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही, पालक आणि डॉक्टरांचा फोन. पालकांच्या संमतीने तो वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांकडे राहील. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण गरज पडेल त्या माणसाला माहीत हवं. लपवणं आणि खाजगी ठेवणं यात एवढाच फरक आहे.

दुसरी, एक डबा. साखर किंवा ग्लुकोज पावडर, बिस्किटं, जादाचा पंप. इन्सुलिनसाठी मातीचं छोटं मडकं, वर ओला कपडा. फ्रीज नसलेल्या शाळेत नगरच्या उन्हाळ्यातही त्याने इन्सुलिन उन्हाच्या तडाख्यातून वाचतं.

तिसरी, एक माणूस. त्याचं नाव नोटीस बोर्डावर लिहिलेलं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडून शिकून आलेला. तो रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसरा.

हे मागायची जागा आहे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. आपल्या किती अम्मी या समितीच्या मीटिंगला जातात? अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती फक्त सल्ला देते, पण सल्ला द्यायला कुणी अडवलेलं नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांकडे बाल स्वास्थ्यची गाडी वळत नाही, आणि मदरशांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. म्हणून तिथली जबाबदारी सरळ आपल्या ट्रस्टींवर येते. ज्या मदरशात मुलं निवासी राहतात, तिथे तर रात्रीही माहीतगार माणूस लागतो. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न विचारा: आपल्याकडे किती मुलांना दीर्घ आजार आहे? उत्तर "एकही नाही" आलं, तर समजा की लपवलं जातंय.

पैशाचाही विचार करू. बऱ्याच घरांत इन्सुलिन कसंबसं येतं, पण साखर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च परवडत नाही, त्या दिवसातून अनेकदा लागतात. मग घर अंदाजाने डोस देतं. जकात गोळा करणाऱ्या आपल्या समित्यांनी गरीब मधुमेही मुलाच्या वर्षभराच्या पट्ट्या उचलल्या, तर त्याहून नेमका खर्च कोणता? आणि सरकारकडे एक मागणी सगळ्यांनी मिळून करू, हिंदू-मुसलमान, सरकारी-खाजगी असं न बघता: प्रत्येक केंद्रशाळेला एक नर्स. एका केंद्रातल्या सगळ्या शाळा ती आठवड्यात फिरू शकते, शिक्षकांना शिकवू शकते, आजारी मुलांच्या घरी जाऊ शकते. लीना रॉजर्सने १९०२ मध्ये हेच केलं होतं.

त्या दुपारनंतर मी त्या मुलीच्या घरी गेलो. अम्मीसमोर बसलो आणि आधी माफी मागितली, करंगळीसाठी. मग विचारलं, किती जणांना सांगू? बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "चार." वर्गशिक्षिका, पीटीचे सर, खिचडीवाल्या ताई आणि ती मैत्रीण. पान त्याच संध्याकाळी लिहून झालं. डबा माझ्या कपाटात आहे, कुलूप नाही. अम्मी आता रोज गेटवर येत नाही, मशीनवर बसते.

मागच्या महिन्यात फळ्यावर उदाहरण सोडवत असताना मागून आवाज आला, "सर, हिला साखर पाहिजे." मैत्रीण उभी होती. मी डबा पुढे केला. तिने साखर खाल्ली, पाणी प्याली. वर्गाने दोन मिनिटं तिच्याकडे पाहिलं आणि मग सगळे पुन्हा वहीत बघायला लागले. तास पुढे सुरू झाला.